कोल्हापूरहून विमानाने निघताना: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू अशी विमाने सुटू लागल्यापासून कोल्हापूर, सांगली आणि आसपासच्या तालुक्यांतून पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या मंडळींची संख्या बरीच वाढली आहे. मुलाखतीला निघालेला विद्यार्थी असो, लेकीच्या बाळंतपणासाठी जाणारी आई असो किंवा इचलकरंजीचा कापड व्यापारी असो, तिकीट काढण्याआधी प्रत्येकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात: अंतर किती आणि वेळ किती लागणार. मोबाईलवर शोधायला गेले, तर मुंबईसाठी एके ठिकाणी ३०९ किलोमीटर दिसतात, दुसरीकडे ३७५, आणि रेल्वेने जायचे म्हटले तर तोच आकडा पाचशेच्या पुढे जातो. वेळेचेही तसेच आहे. तिकिटावर तासभराचा प्रवास लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात दादरला पोहोचेपर्यंत अर्धा दिवस सरलेला असतो. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबरच असतात, मात्र त्यांतील प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजत असतो. ती गोष्ट कोणती हे ओळखता आले आणि साधा हिशेब स्वतः मांडता आला, तर घरातून कधी निघायचे, कोणत्या विमानतळावरून जायचे आणि विमानाने जाणे मुळात परवडते का, हे ठरवणे सोपे जाते. यासाठी शाळेतल्या भूगोलाची आठवण, कागद, पेन्सिल आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढे पुरेसे आहे.

पायरी पहिली: आधी विमानतळ नक्की करा

हवाई अंतर हे एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत मोजले जाते. शहराच्या मध्यापासून ते मोजत नाहीत, आणि नवखा माणूस नेमका इथेच गोंधळतो. आपले विमानतळ महाद्वार रोडपासून आठ-नऊ किलोमीटरवर, आग्नेयेला आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, ते सुरू झाले. नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. जगभरच्या विमानतळांना तीन अक्षरी संकेत दिलेले असतात आणि कोल्हापूरचा संकेत ‘केएलएच’ असा आहे. मुंबईचा ‘बीओएम’, पुण्याचा ‘पीएनक्यू’, हैदराबादचा ‘एचवायडी’. तिकिटावर, सामानाच्या चिठ्ठीवर आणि अंतर सांगणाऱ्या प्रत्येक साधनात हेच संकेत वापरतात, म्हणून ते वहीत टिपून ठेवावेत.

संकेताला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की, काही ठिकाणी एकाच नावाखाली दोन विमानतळ असतात. गोव्यात दाबोळीचा संकेत ‘जीओआय’ आहे आणि मोप्याचा ‘जीओएक्स’. उजळाईवाडीपासून मोपा सरळ रेषेत सुमारे ११२ किलोमीटर, तर दाबोळी सुमारे १५० किलोमीटर पडते. आता मुंबईच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी लागते, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले असून त्याचा संकेत ‘एनएमआय’ आहे. पुढचे विमान एका विमानतळावरून आणि आपण उतरलो दुसऱ्यावर, असे झाले तर मधले अंतर मुंबईच्या वाहतुकीतून कापावे लागते आणि सगळा हिशेब कोलमडतो. तिकीट काढताना शहराचे नाव वाचून पुढे जाऊ नये, संकेत वाचावा.

पायरी दुसरी: अक्षांश-रेखांश मिळवा

मोबाईलवरील नकाशात विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरले, की दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांशाचा असतो आणि दुसरा रेखांशाचा. कोल्हापूर विमानतळासाठी ते सुमारे १६.६६ उत्तर आणि ७४.२९ पूर्व असे आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळासाठी १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व. दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे आपल्या कामाला पुरतात, कारण दुसऱ्या दशांश स्थानातील एकाचा फरक जमिनीवर सुमारे एक किलोमीटरच भरतो.

पायरी तिसरी: कागदावर अंतर काढा

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे आणि वर्तुळाचे अंश ३६०, म्हणून उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पूर्व-पश्चिम दिशेत मात्र विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा हा आकडा कमी होत जातो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येतात. आपल्या पट्ट्यात, म्हणजे १८ अंशांच्या आसपास, रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.६ किलोमीटरचा भरतो. १११ ला १८ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९५१ ने, गुणले की तो मिळतो.

आता कोल्हापूर–मुंबई मांडून पाहू. अक्षांशांतील फरक १९.०९ वजा १६.६६, म्हणजे २.४३ अंश, त्याला १११ ने गुणल्यावर सुमारे २७० किलोमीटर येतात. रेखांशांतील फरक ७४.२९ वजा ७२.८७, म्हणजे १.४२ अंश, त्याला १०५.६ ने गुणल्यावर सुमारे १५० किलोमीटर येतात. याचा अर्थ मुंबई आपल्या उत्तरेला २७० आणि पश्चिमेला १५० किलोमीटर आहे. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण करून पायथागोरसचा नियम लावला, की २७० चा वर्ग ७२,९००, १५० चा वर्ग २२,५००, बेरीज ९५,४००, आणि तिचे वर्गमूळ सुमारे ३०९. हेच ते मोबाईलवर दिसलेले ३०९ किलोमीटर.

याच रीतीने कोल्हापूरहून हैदराबादचे शमशाबाद विमानतळ सुमारे ४४५ किलोमीटर, बेंगळुरू सुमारे ५३०, तिरुपती सुमारे ६५५, नागपूर सुमारे ७००, अहमदाबाद सुमारे ७३० आणि दिल्ली सुमारे १,३५० किलोमीटर येते. हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांतील दोन-तीन स्वतः काढून पाहावेत. रेखांशाच्या गुणकासाठी दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांची सरासरी घ्यायला विसरू नये.

रस्त्याने कोल्हापूर–मुंबई ३७५ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे हवाई अंतराच्या सव्वापटीला थोडे कमी. रेल्वे मिरज, सातारा, पुणे असा मोठा वळसा घेत जाते, म्हणून तिचा आकडा पाचशेच्या पुढे जातो. सह्याद्रीचे घाट मध्ये असल्यावर हा फरक वाढतो. याच कारणाने कोकणात किंवा गोव्यात उतरायचे असेल, तर हवाई अंतराचा आकडा पाहून वेळेचा अंदाज कधीही बांधू नये. मोपा हवाई मार्गे ११२ किलोमीटर असले, तरी आंबोलीचा घाट उतरून जायला साडेतीन-चार तास हाताशी ठेवावे लागतात.

लांबच्या प्रवासासाठी: ग्लोब आणि दोरा

वरची रीत हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत चांगली चालते. परदेशी जायचे असेल, तर पृथ्वीचा गोलावा लक्षात घ्यावा लागतो. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ग्लोब असेल, तर त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणून धरावा. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर अशी जाते. ताणलेला दोरा मात्र आपोआप उत्तरेला सरकतो आणि रशिया, स्कँडिनेव्हियाच्या बाजूने वर चढून मग कॅनडाकडून खाली येतो. दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर हेच असते आणि त्याला बृहद्‌वृत्तीय अंतर म्हणतात. तीस सेंटिमीटर व्यासाच्या ग्लोबवर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबई–न्यूयॉर्क दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो, म्हणजे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. लहान मुलाला शेजारी बसवून हे एकदा अवश्य करावे; नकाशावरची वाकडी रेषा खरी सरळ कशी, हे समजावून सांगण्याची दुसरी इतकी चांगली रीत मला माहीत नाही.

ज्यांना कॅल्क्युलेटरवर अचूक उत्तर हवे आहे त्यांनी असे करावे. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार घ्यावा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा गुणाकार घेऊन त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे. दोन्हींची बेरीज करून तिचा व्यस्त कोसाइन काढावा. जे अंश येतील त्यांना १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात. मुंबई–न्यूयॉर्कसाठी सुमारे ११२.७ अंश येतात. रेखांश मोजताना पूर्व धन आणि पश्चिम ऋण धरावा, नाहीतर न्यूयॉर्क किर्गिझस्तानमध्ये जाऊन पडते.

विमानातल्या घोषणेत किंवा विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये दिसला, तर गोंधळू नये. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. कोल्हापूर–मुंबई सुमारे १६७ सागरी मैल होतात.

पायरी चौथी: अंतरावरून उड्डाणाचा वेळ काढा

इथे विमान कोणते आहे हे महत्त्वाचे ठरते. पंखांवर दोन पंखे फिरताना दिसतात ते एटीआर ७२ हे विमान वरच्या उंचीवर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. एम्ब्रेअर १७५ सारखे लहान जेट ताशी सुमारे ८०० किलोमीटर, तर एअरबस ए३२० ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. अंतराला या वेगाने भागले, की निव्वळ उडण्याची मिनिटे मिळतात. पण विमान जमिनीवरून उठताक्षणी हा वेग गाठत नाही. वर चढताना आणि खाली उतरताना ते हळू असते आणि धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्यातही वेळ जातो. म्हणून एटीआरसाठी वीस-पंचवीस मिनिटे आणि जेटसाठी अर्धा तास त्यात मिळवावा.

कोल्हापूर–मुंबई एटीआरने: ३०९ भागिले ५०० म्हणजे सुमारे ३७ मिनिटे, त्यात वीस-पंचवीस मिळवून एक तास. जेटने: ३०९ भागिले ८०० म्हणजे सुमारे २३ मिनिटे, अधिक तीस, म्हणजे पाऊण तासाहून थोडे जास्त. जेट इतके वेगवान असूनही इतक्या कमी अंतरावर सात-आठ मिनिटांचाच काय तो फरक पडतो, म्हणून मुंबईसाठी तिकीट घेताना विमान कोणते याचा विचार करत बसण्यात अर्थ नाही. सुटण्याची वेळ सोयीची आहे का ते पाहावे. हैदराबादला एटीआरने सव्वा ते दीड तास आणि बेंगळुरूला दीड ते पावणेदोन तास धरावेत. अहमदाबाद, नागपूर यांसारख्या सातशे किलोमीटरच्या मार्गांवर मात्र जेटचा फायदा अर्ध्या तासाच्या घरात जातो.

आता विमान प्रत्यक्षात त्या सरळ रेषेवरून जात नाही, हेही समजून घ्यावे. उजळाईवाडीच्या धावपट्टीच्या एका टोकाला ०७ आणि दुसऱ्या टोकाला २५ असे आकडे रंगवलेले आहेत. त्यांपुढे शून्य लावले की दिशा कळते: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ७० अंश, म्हणजे साधारण पूर्वेकडे, आणि २५० अंश, म्हणजे साधारण पश्चिमेकडे. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उठते, म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना ते बहुधा कोल्हापूर शहराच्या बाजूने उठते. मुंबईची दिशा ३३० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही टोकांकडून उठले तरी विमानाला वळावेच लागते. पूर्वेकडे उठले तर वळण थोडे मोठे. मुंबईला पोहोचल्यावरही तेच. तिथल्या मुख्य धावपट्टीवर विमाने बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात, त्यामुळे दक्षिणेकडून आलेल्या विमानाला शहराच्या पूर्वेला नेऊन मग वळवावे लागते. गर्दीच्या वेळी हवाई नियंत्रण कक्ष विमानाला आकाशातच घिरट्या घालायला लावतो. खिडकीतून खाली खाडी आणि इमारती दिसत असूनही विमान उतरत नाही, म्हणून पहिल्यांदा बसलेला माणूस घाबरतो. त्यात काळजीचे काही नसते, आपल्या पुढे रांग आहे एवढाच त्याचा अर्थ.

पायरी पाचवी: तिकिटावरची वेळ वाचायला शिका

तिकिटावर लिहिलेली सुटण्याची वेळ म्हणजे विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलते ती वेळ, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबते ती. या दोन्हींमधला काळ उडण्याच्या काळापेक्षा नेहमी जास्त असतो. कोल्हापूरसारख्या लहान विमानतळावर विमान जागेवरून निघून पाच-सात मिनिटांत आकाशात असते. मुंबई-दिल्लीला धावपट्टीच्या रांगेतच पंधरा-वीस मिनिटे जाऊ शकतात. मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. आपल्या रीतीने जेटचा वेळ एक तास पन्नास मिनिटांच्या आसपास येतो, पण वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या जवळचा आकडा दिसतो. गर्दीचा अंदाज घेऊन कंपन्या जादा मिनिटे आधीच धरून ठेवतात. विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा ऐकू येते तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

परदेशी जाताना तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या स्थानिक घड्याळाची असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ती जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० वाजता सुटणारे विमान दुबईला ११ वाजून ४५ मिनिटांनी पोहोचते असे तिकिटावर दिसले, तर प्रवास पावणेदोन तासांचा आहे असे समजू नये. त्यात दीड तास मिळवून तो सव्वातीन तासांचा होतो. १,९३० किलोमीटरच्या अंतराशी हा आकडा जुळतो. लंडनच्या बाबतीत फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो, कारण तिथे घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात. मुलगा किंवा सून तिकडे असेल आणि आणायला येणार असेल, तर ही एक तासाची बाब आधीच बोलून घ्यावी.

जाताना जास्त आणि येताना कमी का लागतो

उत्तर गोलार्धात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. युरोपला जाताना हे वारे समोरून येतात आणि परतताना पाठीवर असतात, म्हणून मुंबई–लंडन जाण्या-येण्याच्या वेळात पाऊण तास ते तासभर, कधी त्याहूनही अधिक, फरक पडतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. नवा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे जुन्यापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर लांब होता, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले. अंतर वाढले आणि वेळ घटला, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. याच्या उलटही घडते. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ती पुन्हा बंद झाली. अशा काळात दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने वळसा घालतात आणि जुने आकडे उपयोगाचे राहत नाहीत.

एटीआर खालच्या उंचीवरून उडते, त्यामुळे उजळाईवाडीहून सुटणाऱ्या आपल्या विमानांना या वाऱ्यांचा तितका फरक जाणवत नाही. आपल्याकडे पावसाळ्यातले खाली उतरलेले ढग आणि थंडीतल्या पहाटेचे धुके यांचीच काळजी अधिक करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये परीक्षा, मुलाखत किंवा परदेशाचे विमान गाठायचे असेल, तर त्याच दिवशी सकाळी निघण्याचा धोका पत्करू नये. आदल्या दिवशी पोहोचावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी सहावी: दारापासून दारापर्यंतचा हिशेब

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही आहे, आणि नवखे लोक नेमकी हीच गाळतात. राजारामपुरीतून दादरला जायचे आहे असे धरू. घरातून शिवाजी विद्यापीठ, शाहू नाका असे उजळाईवाडीला पोहोचायला अर्धा तास. विमानतळावर दीड तास आधी. विमानात एक तास. उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. सांताक्रूझहून दादरला पाऊण ते एक तास. बेरीज सव्वाचार ते साडेचार तास. रात्रीची बस किंवा स्वतःची गाडी आठ तासांच्या आसपास घेते, आणि महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर, म्हणजे दहा-अकरा तास. विमानाने साडेतीन-चार तास वाचतात, पण रात्रीच्या गाडीत ते तास झोपेत जातात आणि सकाळी कामाचा पूर्ण दिवस हाती येतो. दुपारच्या बैठकीला जाऊन परत यायचे असेल, तर विमान. दिवसभराचे काम असेल आणि झोप लागत असेल, तर महालक्ष्मी. मी तरी असेच सुचवतो. पुण्यासाठी तर विमानाचा विचारच नको. लोहगाव हवाई मार्गे सुमारे २१६ किलोमीटर आहे आणि महामार्गाने दारातून दारात चार-पाच तासांत जाता येते.

थेट विमान नसेल, तेव्हा हिशेब अधिक काळजीने मांडावा. दिल्लीचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर–दिल्ली सरळ अंतर सुमारे १,३५० किलोमीटर. पण हैदराबादमार्गे गेले तर ४४५ अधिक १,२६०, म्हणजे सुमारे १,७०५ किलोमीटर उडावे लागते. वेळ असा: घर ते विमानतळ अर्धा तास, तिथे दीड तास, हैदराबादपर्यंत सुमारे दीड तास, हैदराबादला थांबा दोन तास, दिल्लीपर्यंत सव्वादोन तास, बाहेर पडायला पाऊण तास, एकूण साडेआठ तास. दुसरा मार्ग गाडीने लोहगाव गाठण्याचा: रस्त्याला पाच तास, विमानतळावर दोन, दिल्लीपर्यंत दोन तास दहा मिनिटे, बाहेर पडायला पाऊण तास, एकूण दहा तासांच्या आसपास. हैदराबादमार्गे दीड तास वाचतो खरा, पण तो दोन तासांच्या थांब्यावर अवलंबून आहे. थांबा चार तासांचा असेल, तर पुणे बरे. शिवाय दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत ना, हे तपासावे. एकाच तिकिटावर असतील, तर पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले तरी पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीकडे राहते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील, तर चुकलेल्या विमानाचे पैसे प्रवाशाचेच जातात. स्वस्त पडते म्हणून दोन तिकिटे काढायचीच असतील, तर मध्ये किमान चार तास ठेवावेत.

जिल्ह्याच्या दक्षिणेला राहणाऱ्यांनी बेळगावचे सांबरा विमानतळही तपासावे. उजळाईवाडी आणि सांबरा यांच्यात हवाई अंतर शंभर किलोमीटरच्याही आत आहे. चंदगडच्या माणसाला बेळगाव सरळसरळ जवळ, गडहिंग्लजच्या माणसाला दोन्ही जवळपास सारखी, आणि आजऱ्याच्या खालच्या गावांना मोपाही विचारात घेता येते. कुठून कुठे थेट विमान आहे यावर निवड करावी.

पायरी सातवी: वेळापत्रक पुन्हा पाहा

विमान कंपन्यांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लहान शहरांच्या फेऱ्या याच वेळी वाढतात, घटतात किंवा त्यांचे वार बदलतात. कोल्हापूरहून सुटणारे प्रत्येक विमान रोज असतेच असे नाही, म्हणून तारखेबरोबर वारही पाहावा. गेल्या दिवाळीला नातेवाईक ज्या विमानाने आले, ते या मे महिन्यात त्याच वेळी असेल असे गृहीत धरू नये. तिकीट काढताना दिलेल्या मोबाईल क्रमांकावर बदलाचा संदेश येतो, त्यामुळे दुकानातून किंवा एजंटाकडून तिकीट काढले तरी क्रमांक स्वतःचाच द्यावा.

मग सुटण्याच्या वेळेपासून उलटे मोजत यावे. देशांतर्गत विमानासाठी सामान घेणारा काउंटर साधारणपणे ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटे आधी. नेमका आकडा आपल्या तिकिटावर छापलेला असतो. विमान सकाळी ११ चे असेल, तर काउंटर १० वाजता बंद होईल असे धरून साडेनऊला विमानतळाच्या दारात असावे. त्यासाठी राजारामपुरीतून ९ वाजता आणि गारगोटीहून साडेसातच्या सुमारास निघावे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर लागलेली असते, तेव्हा गारगोटी, कागल, हुपरी या बाजूंनी येणाऱ्यांनी आणखी अर्धा तास आधी घर सोडावे.